दुपट्ट्याखालचा भाव

स्टेजवर तो कधी लोकांकडे तोंड करून उभा राहिला नाही. उजवा खांदा पुढे, डावा मागे आणि नजर ड्रमवाल्याच्या हातांवर. बंगळुरूच्या एका मासिकात यावर अख्खा परिच्छेद आला होता, की हा गिटारवादक प्रेक्षकांना नाकारतो आणि त्या नाकारण्यामागे एक भूमिका आहे. आम्ही तो परिच्छेद त्याला वाचून दाखवला, तेव्हा तो तर्री-पोहे खात होता. बोट चाटून म्हणाला, "मी कोनाले नाकारून राह्यलो बे? लाइट डोयात जाते."

अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चपला, गळ्यात दुपट्टा. आमच्याकडे उन्हात डोक्याला बांधायला पुरुषमाणसं घेतात तो सुती दुपट्टा. त्याच्या गळ्यात तो डिसेंबरातही असायचा. गिटारचा पट्टा म्हणजे खाटेची नवार. एका वाद्यांच्या दुकानदाराने त्याला चांगला चामड्याचा पट्टा भेट दिला होता. तो त्याने पुलगावला नेऊन वजनकाट्याच्या तुटलेल्या पारड्याला बांधला. म्हणाला, तिथं त्याचा उपयोग आहे.

पुलगावला त्याच्या घरचं ढेप-सरकीचं दुकान. सरकीचं तेल काढल्यावर मागे उरतो तो चोथा म्हणजे ढेप, गुरांचं खाणं. त्या दुकानावरून आम्ही त्याला शेठ म्हणायचो आणि तोही शेठसारखाच ओ द्यायचा. आमच्या बँडचं नाव 'फाटक बंद'. रेवती गाते, मंगेश ड्रम वाजवतो, मी बास गिटार, आणि तो गिटार. गाणी बहुतेक त्याची. कुठल्या मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधता तीन अल्बम काढले, पुण्या-मुंबईचे लोक तिकिटं काढून ऐकायला येतात, आमच्या गाण्यांच्या ओळी टी-शर्टांवर छापतात. एवढं झालं तरी माझ्या मावशीला अजून वाटतं की आम्ही लग्नात वाजवतो.

तो आमच्या कॉलेजचा नव्हता. कुठल्याच कॉलेजचा नव्हता. वर्ध्याला आम्ही तिघं गॅदरिंगची तालीम करत होतो आणि तो जवळच्या गोठ्यावर ढेप पोचवायला आला होता. आवाज ऐकून दारात येऊन उभा राहिला आणि आमचं होईपर्यंत हलला नाही. मग म्हणाला, "मधातलं गाणं तुमचं नोय."

नव्हतंच. एका परदेशी बँडचं आम्ही उचललं होतं.

"बाकीचे दोन तुमचे आहे," तो म्हणाला, "पन ते बी तुमी भिऊन वाजवून राह्यले."

"तू कोन बे?" मंगेशने विचारलं.

"मी पुलगावचा," तो म्हणाला, जणू एवढी ओळख पुरे होती. मग तिथे पडलेली माझ्या मित्राची गिटार उचलून त्याने आमचंच गाणं न भिता वाजवून दाखवलं. त्या संध्याकाळी त्याची ढेपेची गाडी तिथेच उभी राहिली आणि घरून फोन आला. त्या फोनवर त्याच्या वडिलांनी जे काही ऐकवलं ते त्याने आम्हाला चाल लावून म्हणून दाखवलं.

गाण्याबद्दल बोलायची त्याची भाषा दुकानातली. कापसाचं वजन वाढावं म्हणून काही लोक त्यावर पाणी शिंपडतात. एखादं गाणं उगाच लांबलं, की तो म्हणायचा, "यात पानी मारलं आहे." जमलेल्या गाण्याला 'कोरडं' म्हणायचा, आणि ही त्याची सगळ्यात मोठी शाबासकी. रेवतीने तिच्या होस्टेलच्या दिवसांवर एक गाणं केलं होतं, जीव ओतून. याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "तीन कडव्यांचा माल आहे. चवथं पानी आहे." आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. मग तिने चौथं कडवं काढलं, आणि आज लोक ते गाणं आमच्याआधी म्हणायला लागतात.

गिटार सुरात लावायची त्याची पद्धत बघायला लोक गर्दी करायचे. तारेला पीळ देताना तो गिटारचं पुढे आलेलं लाकडी टोक दातांत धरायचा. त्या लाकडावर दातांचे वण पडले होते. आम्ही त्याला म्हणायचो, शेठ, घरून डबा आणत जा. पुण्याला एकदा दुसऱ्याच बँडचा एक पोरसवदा गिटारवाला स्टेजवर तसं लाकूड चावताना दिसला, तेव्हा आमची हसून पुरेवाट झाली. आपण एक फॅशन काढली आहे हे त्याला सांगितलं, तर तो गंभीर झाला. "त्या पोट्ट्याले काऊन असं करा लागते?" म्हणाला. आम्हाला तोही विनोदच वाटला.

लावून झाल्यावर तो दर वेळी गिटार मंगेशकडे कलती करून विचारायचा, "लागली का बे?"

"मी ड्रमवाला आहो. मले काऊन इचारते?"

"तुहा कान फुकटात बसून राह्यते ना."

आणि मंगेश कुरकुरत का होईना, ऐकून सांगायचा. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

आता त्या दुपट्ट्याची गोष्ट सांगतो. त्याचा आजा बैलबाजारात दलाल होता. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर दुपट्टा टाकतो, विकणारा आणि घेणारा आळीपाळीने त्या दुपट्ट्याखाली हात घालून त्याची बोटं दाबतात आणि त्यावरून दलालाला आकडा कळतो. भोवती सगळा बाजार उभा असला तरी तिसऱ्याला पत्ता लागत नाही. दुसऱ्या अल्बमच्या वेळी कुठली गाणी घ्यायची यावरून आमची एवढी भांडणं झाली की मंगेशने झांजेचा स्टँड भिरकावला आणि रेवती रिक्षा करून स्टेशनवर जाऊन बसली. तिला परत आणल्यावर याने गळ्यातला दुपट्टा काढला.

"तोंडानं बोललं का भांडन होते," तो म्हणाला. "माह्या आज्याच्या हातात भाऊ-भाऊ येऊन भाव लावून गेले, पन भांडन नाई झालं."

नियम सोपे होते. प्रत्येक गाण्याला आम्ही तिघांनी एकेक करून दुपट्ट्याखाली त्याचा हात धरायचा. पाचही बोटं दाबली तर गाणं ठेवायचं, एकच दाबलं तर काढायचं. तो दलाल, म्हणून तो स्वतः बोली लावणार नाही, फक्त निकाल सांगणार. आणि दुपट्टा उचलल्यावर कुणी काय दाबलं हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही. "इचारलं का बाजार उठला," असं त्याने बजावून ठेवलं होतं.

हे इतकं चाललं की बघायला नको. माझं एक गाणं दोन-एकने गेलं. ठेवायचं म्हणणारा तो एक कोण हे उघडच होतं, पण बाकी दोघांत कुणी हळू नाकारलं, कुणी जोरात नाकारलं, काही कळायला मार्ग नव्हता. नेमका कुणावर हे ठाऊक नसलेला राग रात्रीच्या जेवणापर्यंत टिकत नाही. बहुतेक गाणी त्याचीच आणि दलालही तोच, यात काही चुकतंय असं आमच्या डोक्यातही आलं नाही. आम्ही कुणी बैलबाजार पाहिला नव्हता.

तिसरा अल्बम वर्ध्याजवळ नालवाडीत झाला. दुसरा आम्ही मुंबईच्या चांगल्या स्टुडिओत केला होता आणि शेठचं तोंड तेव्हापासून वाकडं होतं. तिथल्या आवाजाला चव नाही म्हणायचा, फ्रिजातल्या भाजीसारखा येतो म्हणायचा. मंगेशच्या काकांचं नालवाडीत रिकामं घर होतं. शेठने पुलगावहून गाडीभर ढेप आणि सरकीची पोती आणली आणि खोलीच्या चारही भिंतींना छतापर्यंत रचली. दारांना जुन्या गाद्या बांधल्या. आवाज पोत्यांत मुरायचा, घुमायचा नाही. मुंबईहून रेकॉर्डिंगचं सामान भाड्याने घेऊन आलेला माणूस पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्याने पोत्यांचे फोटो काढून कुणाला तरी पाठवले. वैशाखाचे दिवस. आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद, आणि आम्ही ओले दुपट्टे डोक्याला गुंडाळून वाजवतो आहोत.

खिडकीशी शेजारची गाय यायची. गजांतून जीभ घालून ती कडेच्या पोत्यातली ढेप खायची, आणि तिला कुणी हाकललं तर शेठ रागवायचा. एक दिवस मी म्हणालो, कालच्यापेक्षा आज माझा बास पातळ वाटतोय. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"गाय तुहा बेस खाऊन राह्यली," म्हणाला. "खाऊ दे. तुह्याजवळ जास्तीच आहे."

अल्बमचं नाव 'ढेप' ठेवलं. पुढे बंगळुरूपासून गुवाहाटीपर्यंत लोक त्याचा अर्थ विचारायचे आणि हा स्टेजवर गिटार थांबवून सरकीपासून सुरुवात करायचा. रेवतीला मागून त्याच्या चपलेवर पाय द्यावा लागायचा.

काम तुंबलं की तो आम्हाला पवनारला न्यायचा. नालवाडीच्या रस्त्यावर उभं राहून बस धरायची, धाम नदीच्या काठी उतरायचं, खडकांवर बसून पाय पाण्यात सोडायचे. नवीन गाणं त्याने तिथेच पहिल्यांदा म्हणायचं, आणि आम्ही बोलायला लागलो की आमच्या तोंडांकडे बघत बसायचं. 'येजो' मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'येजो' म्हणतात. परत ये, सवडीने ये, असं सगळं त्यात येतं. त्याचे वडील दुकानावरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतात, काही न घेता गेलेल्यालाही. गाणं त्याच एका शब्दाभोवती होतं.

ऊन उतरलं का येजो,
दार लोटलेलं असन, येजो,
काही आनू नोको संग,
रिकाम्या हातानं येजो.

रेवती म्हणाली, हे मी गाते. तो म्हणाला, "हे मी गातो." तीन अल्बमांत पहिल्यांदाच तो असं म्हणाला होता. मला आठवतं, आम्ही तिघंही खूश झालो. रेवतीसुद्धा.

नालवाडीत ते त्याने एका दुपारी गायलं. आवाज त्याचा भरड, पण खरा. 'रिकाम्या हातानं'ला चाल वर चढते. तिथे त्याचा सूर उतरला. थोडाच, पण उतरला. चढ चढणारा माणूस मधेच दगडावर टेकतो, तसं वाटलं. रेवतीने मान खाली घातली. मंगेशच्या काड्या क्षणभर थांबल्या. मी वाजवत राहिलो. गाणं संपल्यावर त्याने आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. मुंबईच्या माणसाने विचारलं, पुन्हा घ्यायचं का? हा म्हणाला, नको, बोली लावू.

मला तो उतरलेला सूर आवडला होता. कीव म्हणून नव्हे. ते गाणं घरी बोलावणाऱ्या माणसाचं होतं, आणि बोलावणाऱ्याचा आवाज असाच येतो. मी दुपट्ट्याखाली हात घातला आणि त्याची पाचही बोटं अशी दाबली की त्याने माझ्याकडे पाहिलं. मग रेवतीने हात घातला, मग मंगेशने.

"दोन-एक," तो म्हणाला. "काढा."

आवाज नेहमीचाच. रोज असे निकाल सांगत होता. मग कॉम्प्युटरपाशी जाऊन त्याने त्या माणसाला ते रेकॉर्डिंग पुसायला लावलं, पुसलं गेल्याची खात्री करून घेतली. "काढलेला माल दुकानात ठेवत नाई," म्हणाला. मी त्या दोघांकडे पाहिलं. दोघंही दुसरीकडे बघत होती, आणि मी मनात म्हटलं, बघूच नका.

'ढेप'ने आमचं नाव केलं. वर्षभर आम्ही फिरलो. मग एका सकाळी नागपूर स्टेशनवर त्याने सांगितलं की वडिलांचे गुडघे गेलेत, दुकान बघायला हवं, तुम्ही दुसरा गिटारवाला बघा. आम्ही फार समजूत घातली नाही. प्रत्येकाला वाटलं, खरं कारण आपल्याला माहीत आहे. ज्या दोघांनी त्याने स्वतः गायलेलं एकुलतं एक गाणं पाडलं त्यांच्याबरोबर तो किती दिवस वाजवेल?

त्यानंतर बँड चालला. चांगला चालला. पण आमचं आपसातलं बोलणं हॉटेल आणि गाडीच्या वेळांवर आलं. रेवती पूर्वी प्रवासात घरून सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करून आणायची, ती बंद झाली. मंगेश मागच्या सीटवर कानात इअरफोनची बोंडं घालून झोपायला लागला. मीही त्यांना काही विचारलं नाही. शेठची मला आठवण यायची ती वाजवताना नव्हे, गिटार लावताना. नवीन गिटारवाल्याकडे छोटं यंत्र आहे, त्यात हिरवा दिवा लागला की झालं. कुणाला काही विचारावं लागत नाही. त्या वेळी मंगेश मान वर करून बघतो आणि पुन्हा खाली घालतो, हे मी कितीदा पाहिलंय.

या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने 'ढेप' रेकॉर्डवर काढायचं ठरवलं. हल्ली लोक पुन्हा मोठ्या काळ्या रेकॉर्ड घेतात, कपाटात लावतात. एका बाजूला जागा उरत होती, तिथे त्या काळातलं एखादं जास्तीचं गाणं द्या म्हणाले. त्यासाठी आम्ही नालवाडीला काकांच्या त्याच घरी बसलो, आता तिथे मंगेश राहतो. मंगेशची बायको चहा ठेवून गेली.

"एकच होतं जास्तीचं," मंगेश म्हणाला. "ते तुमी दोघायनं काढलं."

"आम्ही?" रेवती म्हणाली. "मंगेश, मी पाच दिले होते. मला वाटलं तुम्ही दोघांनी..."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी पाच दिले."

मंगेशने कप खाली ठेवला. "मी बी पाच देल्ले बे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. दुपट्ट्याखालचं बोलायचं नाही हा नियम आम्ही इतकी वर्षं इमानाने पाळला होता, आणि त्या इमानाने आमचं वाटोळं केलं होतं. रेवती रडली. मला राग आला, आणि या वेळी कुणाचा ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने पुलगावला गेलो. दुकान होतं तसंच. पोती, मोठा काटा, त्याला तो चामड्याचा पट्टा. वडील खुर्चीवर, गुडघ्यांना पट्टे बांधून. "या पोट्टेहो, लय दिवसानं," म्हणाले. तो आतून आला. पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, आणि उजव्या कानामागे यंत्र. आम्हाला बघून त्याचं तोंड इतकं फुललं की मी घेऊन आलेला राग कुठे ठेवावा मला कळेना.

"इकडून बोल," तो मला म्हणाला आणि उजवा कान पुढे केला. "तिकडचं दुकान बंद झालं."

"कधीपासून?"

"पयलेपासूनच. हयूहयू."

मग मला एकेक दिसायला लागलं. लोकांकडे फिरवलेला खांदा. दातांत धरलेलं लाकूड, की कानाला नाही तर हाडाला तरी सूर कळावा. लागली का बे. पवनारला खडकावर बसून आमच्या ओठांकडे बघणं. ज्यांना आम्ही त्याच्या लहरी म्हणून हसलो, लोकांना रंगवून सांगितल्या, त्यांचे आता मी दोन ढीग करतो. एक कानाचा, एक त्याचा स्वतःचा. काही गोष्टी कुठे टाकाव्या मला अजून ठरवता येत नाही. डिसेंबरातला दुपट्टा त्याचा स्वतःचा असावा असं वाटतं.

मंगेशला धीर नव्हता. "आमी तिघायनं पाच देल्ले होते," तो मोठ्याने म्हणाला.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "माह्याच हातात तं देल्ले."

"मग दोन-एक काऊन म्हनला?"

तो पोत्यावर बसला. "तीन-शून्य म्हनलो असतो तं गानं राह्यलं असतं. तिघायनं काढलं म्हनलो असतो तं तुमाले पटलं नसतं. दोन-एक म्हनलं का हरएकाले वाटते, आपन त्याच्याकडून होतो. मी जाईन तवा तुमच्यातल्या कोनाच्याच मनाले लागाले नोको होतं."

"आणि आम्ही?" रेवती म्हणाली. "आम्ही इतकी वर्षं एकमेकांना काय समजत होतो, ते ठाऊक आहे तुला?"

तिने सगळं सांगितलं. गाडीतला अबोला, बंद झालेली वडी, सगळं. त्याला ऐकू यावं म्हणून ती एकेक शब्द सावकाश बोलत होती आणि त्यामुळे ते जास्तच वाईट वाटत होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे मी धरलंच नाई," तो म्हणाला. "बाजारात सौदा झाला का लोकं आपापल्या गावाले जाते. तुमी एकाच गाडीत बसनार होते."

खुर्चीवरून वडील म्हणाले, "त्याचाच माल अन तोच दलाल? आपला माल असन तं दलाल बाजूले होते. याच्या आज्यानं आपला बैल कधी आपल्या दुपट्ट्याखाली नाई आनला." हे ते आम्हाला सांगत होते की त्याला, कळलं नाही. आम्ही चौघांनीही शाळेत उभं केल्यासारख्या माना खाली घातल्या.

मी विचारलं, "कान जातोय हे सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतं तुमी? मी त्या दिवशी कुठं उतरलो ते मले ऐकू नाई आलं. तुमच्या तोंडावर दिसलं. तुमाले ऐकू आलं होतं, तरी तिघायनं पाच देल्ले. तवाच मले समजलं, आता निघा लागते. आज एक गानं. उद्या माह्यासाठी अख्खा अल्बम उतरवला असता तुमी."



गाणं मात्र त्याने लगेच देऊ केलं. "घेऊन जा ना, ते कायले इथं धूळ खात ठेवाचं," म्हणाला. तूच गा, असं आम्ही तिघांनी हरतऱ्हेने विनवलं. मंगेश तर हात जोडून. पोती आहेतच, मी म्हणालो, सामान इथेच आणू. तो हसला. "माह्या अंदर गानं बराबर आहे. बाहेर काढलं का उतरते, अन कुठं उतरलं ते मले दिसत बी नाई. मंग दरवेळेस तुमचे तोंडं पाहू का?"

तिथेच पोत्यांमध्ये बसून त्याने ते रेवतीला शिकवलं. स्वतः छातीवर हात ठेवून हळू म्हणायचा. 'रिकाम्या हातानं'ला पूर्वीपेक्षाही खाली आला. रेवतीने खूण ओळखून चाल होती तिथे नेली. ती दुकानातली त्याची जुनी गिटार छेडत गात असताना त्याने त्या गिटारच्या लाकडावर तळवा टेकवून ठेवला होता. झाल्यावर म्हणाला, "कोरडं आहे." तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि तो उजवा कान पुढे करून त्याच्याकडे वळला. परतीच्या गाडीत मंगेश झोपला नाही. रेवती खिडकीशी बसून चाल घोकत होती आणि मी तिला घोकू दिलं.

रेकॉर्ड निघाली. 'येजो' शेवटी आहे, आणि लोकांना तेच सगळ्यात आवडलंय. रेवती फार सुंदर गायली. 'रिकाम्या हातानं'ला ती चढते आणि सूर जिथे हवा तिथे, नेमका लागतो. कार्यक्रमात ती जागा आली की लोक डोळे मिटतात. मी बास वाजवत असतो, आणि दर वेळी त्या जागी मला तो दिसतो, नालवाडीच्या उकाड्यात, ओला दुपट्टा डोक्याला बांधून, वर न पोचलेला. तिथे मला रेवतीचा बरोबर सूर नको असतो. अख्खा अल्बम उतरवला असता तुम्ही, म्हणाला होता. उतरवला असता, शेठ. चौघांनी मिळून, तू जिथे टेकला होतास तिथपर्यंत, खुशीने उतरवला असता.